दुसरी भेट

भुयारनं चौथा बॉलही बाहेर टाकला, तेव्हा मी संत्री सोलत होतो.

हे सांगायला मला आज लाज वाटत नाही, कारण संघात माझं तेच काम होतं. अमरावतीहून निघताना कुणीतरी संत्र्यांची एक पेटी बरोबर दिली होती आणि ती सांभाळणं, सोलणं, डाव संपला की पोरांच्या हातावर फोडी ठेवणं हे राखीव पिचरकडे आपोआप आलं होतं. राखीव पिचर म्हणजे मी, पुरुषोत्तम गुल्हाने. तीन वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेत मी एकही बॉल टाकला नव्हता. संत्री मात्र बरीच सोलली होती.

डिसेंबर १९९४. हैदराबादचं मैदान, दुपारचे तीन वाजले असतील. बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठी आमचा सामना पंजाबशी चालला होता. आम्ही चार रन, ते तीन. शेवटचा डाव, त्यांची बॅटिंग, एक जण बाद झालेला. आणखी दोघांना बाद केलं की पदक गळ्यात घालून घरी जायचं. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की पिचर म्हणजे बॉल टाकणारा. त्याचे चार बॉल बाहेर गेले की बॅटर न मारताच पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या घरावर, जाऊन उभा राहतो. आणि तिन्ही बेसवर माणसं असताना असं झालं, तर सगळे एकेक घर पुढे सरकतात आणि समोरच्यांना एक रन फुकटात मिळतो. भुयारच्या त्या चौथ्या बॉलनं तिन्ही बेस भरले.

सुधीर भुयार आमचा मुख्य पिचर. सहा फूट उंच, हात असा की बॉल दिसायच्या आधी तो ग्लोव्हात आपटल्याचा आवाज यायचा. सगळे सामने तो पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत एकटा टाकायचा. तेव्हा आमच्याकडे तीच रीत होती. पिचरला मधूनच काढणं म्हणजे नवरदेवाला वरातीत घोड्यावरून उतरवण्यासारखं समजत. तो दमला, त्याचे बॉल भरकटले, तरी त्यालाच ठेवायचे. राखीव पिचर हा नियमापुरता यादीत असायचा.

आमचे प्रशिक्षक निंभोरकर सर. शाळेत ड्रिलचे मास्तर, पण जीव बेसबॉलमध्ये. खेळाचं इंग्रजी नियमपुस्तक त्यांनी स्वतः मराठीत उतरवून, सायक्लोस्टाइल करून आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. नवीन पोरगा मैदानावर आला की त्याला बॉल नाही, ते पुस्तक मिळायचं. आठ दिवसांनी सर तोंडी परीक्षा घ्यायचे. त्यातलं एक कलम तर आम्ही झोपेतही म्हटलं असतं: प्रशिक्षकानं एका डावात पिचरला एकदाच भेटावं. त्याच डावात दुसरी भेट झाली की पिचरला सामन्यातून बाहेर जावंच लागतं. आणि चुन्याची रेघ ओलांडली की भेट झाली, मग तुम्ही बोला अगर बोलू नका.

त्या डावात सर एकदा भुयारला भेटून आले होते. कुंपणापलीकडे गेलेला बॉल सापडत नव्हता, मुख्य अंपायर तिकडेच नवा बॉल निवडत उभा होता, तेवढ्या वेळात सर गेले, भुयारच्या पाठीवर हात ठेवला आणि परत आले.

आता तिन्ही बेस भरल्यावर भुयार वाकला आणि त्यानं उजवं कोपर डाव्या हातात धरलं. मी संत्र्याची फोड वेगळी करत होतो, म्हणून मला पुढचं नीट दिसलं नाही. शेजारचा म्हणाला, "अबे, सर कुठी चालले?" मी मान वर केली तेव्हा सर मैदानाच्या मधोमध होते. रेघ कधीच मागे पडली होती.

पंजाबच्या बाकावरून आरडाओरडा झाला. त्यांचे कोच दोन बोटं वर करून उड्या मारत होते. मुख्य अंपायरनं खेळ थांबवला. तो आधी स्कोअररच्या टेबलाशी गेला, वहीवर वाकला, मग परत येऊन सरांसमोर उभा राहिला. भुयार सरांच्या अगदी कानाशी काहीतरी बोलत होता. सर अंपायरला दोन शब्द बोलले. अंपायरनं भुयारकडे हात केला आणि बाहेरची दिशा दाखवली.

मला सगळ्यात नवल वाटलं ते सरांचं. निंभोरकर सर अंपायरशी पंधरा पंधरा मिनिटं भांडणारे. पुस्तक काढतील, पान दाखवतील, समोरच्याला घाम फोडतील. त्या दिवशी वादाचा एक शब्द बोलले नाहीत. पाय रोवून नुसते उभे राहिले.

भुयारनं ग्लोव्ह जमिनीवर आपटला. मग सरांनी आमच्या बाकाकडे पाहून हाक मारली.

"पुरुषोत्तम."

इथे मला आदल्या दिवसाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या हाकेचा अर्थ कळणार नाही.

त्या वेळी मी एका जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठी उचलायचो. नाकातोंडात रुई जायची. रात्री खोकला आला की आई उठून बसायची. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या जागा निघाल्या होत्या. माझा अर्ज तिथे होता, पण त्यांची अट अशी की उमेदवार राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्यक्ष खेळलेला हवा, आणि पुरावा म्हणून स्कोअरशीटची सहीशिक्क्याची प्रत हवी. माझ्याकडे तीन वर्षांची तीन प्रमाणपत्रं होती आणि तिन्हींवर 'राखीव' लिहिलं होतं. वयाची मर्यादा पंचवीस. मला पंचवीस पूर्ण व्हायला तीन महिने राहिले होते. म्हणजे ही शेवटची स्पर्धा, आणि तिचा उद्या शेवटचा सामना.

आम्ही एका शाळेच्या वर्गात उतरलो होतो. सर खिडकीशी बसून बुटांना खडू लावत होते. मी जाऊन उभा राहिलो.

"सर, एक बोलायचं होतं."

"बोल ना."

मी सगळं सांगितलं. अट, वय, गाठी. शेवटी म्हणालो, "एकच बॅटर, सर. आपण जिंकत असलो तर शेवटी एकच बॅटर मले द्या. शीटवर नाव लागते फक्त."

सरांनी बूट खाली ठेवला. "अन् त्या एका बॅटरनं रन काढले तर?"

त्यांनी खडूचे हात झटकले.

"हे पाह्य पुरुषोत्तम. तुले नोकरी लागावी असं मलेही वाटते. पण मी कोणाच्या नोकरीसाठी पिचर बदलत नसतो. जिंकत असलो तरी नाही अन् हारत असलो तरी नाही. बारा पोरं घाम गाळून राहिले. त्यांची मॅच हाय ते."

"हो सर."

"राग आला?"

"नाही सर."

आला होता. पण मनातून मला हेही ठाऊक होतं की त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. त्या रागाचं काय करायचं ते न कळून मी बाहेर जाऊन अफजलला, आमच्या कॅचरला, म्हणजे बॅटरमागे बसून बॉल झेलणाऱ्याला, पन्नास बॉल टाकले. अफजलनं शेवटी हात झटकले आणि म्हणाला, "बस कर भाई, कल मैच मेरे को खेलना है."

आता तीच हाक आली होती. मी उठलो तर माझी बोटं संत्र्याच्या रसानं चिकट. पाण्याची बाटली रिकामी. मी खाली बसून दोन्ही हात मातीत घासले, पँटला पुसले आणि निघालो. वाटेत भुयार आला. आमच्यात पद्धत होती की जाणारा पिचर येणाऱ्याच्या हातात हात देतो. तो माझ्या बाजूनं निघून गेला.

बॉल सरांच्या हातात होता. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "घे. तुझाच आहे."

बस, एवढंच. आणि ते रेघेबाहेर गेले.

नव्या पिचरला सरावाचे आठ बॉल मिळतात. माझा पहिलाच अफजलच्या डोक्यावरून गेला. पंजाबवाले हसले. दुसरा त्याच्या पायाशी. बाकीचे कसे गेले ते आठवत नाही, पण आठवा पडला तेव्हा एकदम ध्यानात आलं की आता शीटवर नाव लागणार. स्कोअरर लिहीतच होता. माझं काम खरं तर झालं होतं. आता हा बॉल कुठेही गेला तरी जिनिंग सुटणार होती.

पण माणसाचं मन कसं असतं पाहा. काल मी एका नावासाठी हात जोडले होते आणि आज तिथे उभं राहिल्यावर मला ते नाव दिसेना. मला बाकावर बसलेली पोरं दिसत होती. हा सामना माझ्या हातून गेला तर नोकरी लागूनही मी यांना तोंड दाखवू शकणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

पहिला बॉल बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा जमिनीवर आपटून उडाला, तो अफजलनं छातीवर घेतला, नाहीतर तिथेच रन झाला असता. आणखी एक बाहेर गेला की बरोबरी.

अफजलनं वेळ मागितला आणि तोंडावरची जाळी वर करत माझ्याकडे चालत आला. छाती चोळत होता.

"क्या बे पुरू, मारता है क्या मेरे को?"

"बॉल सरळ जाऊनच नाही राहिला, यार."

"तो जाने दे. सर का आवाज याद कर. 'पुरुषोत्तम, तीन बॉल.' बस वही डाल."

हे त्यानं बरं केलं. सरांची एक खोड होती. सरावात मी कुठेही असलो, पाणी पीत असलो, जाळं बांधत असलो, कुणाशी टिंगल करत असलो, तरी ते मधूनच ओरडायचे, "पुरुषोत्तम, तीन बॉल." मग मी असेन तसं पळत यायचं आणि अंग गरम नसताना तीन बॉल सरळ टाकायचे. एक जरी बाहेर गेला तरी मैदानाला पाच फेऱ्या. पोरं खूप हसायची. तीन वर्षं रोज हे चाललं होतं. ज्याला कधी खेळवायचंच नाही त्याला सर असं का पळवतात, हे मला तेव्हा समजायचं नाही.

मी डोळे मिटून घेतले आणि उघडले. अफजलचा ग्लोव्ह पाहिला. टाकला.

मधोमध. बॅटरनं बॅटच उचलली नाही, तो चौथ्या बाहेरच्याची वाट पाहत होता. दुसरा टाकला तेव्हा त्यानं जोरात फिरवली, पण फार लवकर. पहिल्या डावापासून हे लोक भुयारच्या वेगाला सरावले होते. माझा बॉल त्याच्या निम्म्या वेगाचा, आणि शेवटी खाली बसणारा. बॅटच्या टोकाला लागून तो रेघेबाहेर गेला. दोन झाले. असा आणखी एक चुकला की बॅटर बाद.

तिसरा त्यानं मारला. बॉल जमिनीवरून थेट माझ्याकडे आला, माझ्या नडगीवर लागला आणि समोर पडला. दुखलं की नाही ते नंतर कळलं. मी तो उचलला, शेवटच्या घरावर अफजलकडे फेकला. तिसऱ्या बेसवरचा पळत पोचायच्या आत अफजलनं तिथे पाय टेकवून एक जण बाद केला आणि त्याच दमात पहिल्या बेसवर फेकून दुसरा. सामना संपला.

राष्ट्रीय स्पर्धेत मी टाकलेले एकूण बॉल सहा. माझी सगळी पुंजी तीच.

पोरांनी मला उचललं. मी खाली पाहिलं तर सर बाकाच्या टोकाला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत धरून. भुयार दूर कुंपणाशी पाठ करून उभा होता.

गावी आल्यावर सरांवर बरंच काही आलं. ज्यानं नियमपुस्तक मराठीत आणलं त्यालाच नियम ठाऊक नाही, अशी चेष्टा झाली. बैठकीत कुणी म्हणालं, साहेबांचं वय झालं. तेव्हा ते पन्नाशीचे होते. पुढच्या वर्षी संघाबरोबर दुसरा प्रशिक्षक गेला आणि सर परत कधी संघ घेऊन बाहेरगावी गेले नाहीत. शाळेच्या मैदानावर पोरांना मात्र शिकवत राहिले. त्यांनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही.

माझं नाव यादीत लागलं. मी खात्यात रुजू झालो, पहिल्या हिवाळ्यात खोकला गेला. खात्याच्या संघातून तेरा वर्षं खेळलो. एकही सामना मी सुरू केला नाही. हळूहळू आपल्याकडेही पिचर बदलायची पद्धत आली आणि मी त्या कामाचा माणूस झालो. दुसऱ्यानं घोळ घालायचा, मी जाऊन निस्तरायचा. लोक म्हणायचे, गुल्हानेला घाम कसा येत नाही. त्यांना काय सांगणार, की हैदराबादला सगळा येऊन गेला होता.

आणि या सगळ्याच्या मुळाशी काय होतं, ते मला हैदराबादहून परतताना गाडीतच उमगलं होतं. सरांनी नियम विसरणं शक्यच नव्हतं. ते कलम त्यांनी शेकडो पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. आदल्या दिवशी ते मला तोंडावर नाही म्हणाले, कारण बारा पोरांच्या मेहनतीपुढे हो म्हणता येत नव्हतं. म्हणून त्यांनी चूक केल्यासारखं दाखवून रेघ ओलांडली. पिचर त्यांनी बदलला नाही, नियमानं बदलला. म्हणून ते अंपायरशी भांडले नाहीत. म्हणून म्हणाले, तुझाच आहे. माझ्या भाकरीसाठी त्या माणसानं स्वतःचं नाव घालवलं होतं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांच्यावर आणखी बोट उठलं असतं. पण दर दसऱ्याला सोनं द्यायला सगळ्यांत आधी सरांकडे जायचो आणि पायांवर डोकं ठेवायचो. सर अवघडायचे. "असू दे, असू दे," म्हणत काकूंना चहा टाकायला सांगायचे आणि भलताच विषय काढायचे. मला वाटायचं, मोठी माणसं अशीच असतात, केलेलं बोलून दाखवत नाहीत.

भुयार दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. पुढे त्यानं कृषी केंद्र टाकलं, मग बोलायला लागला, लग्नाकार्यात जवळ येऊन बसायला लागला. त्या सामन्याबद्दल मात्र तो कधीच बोलला नाही आणि मीही काढलं नाही.

अशी पंचवीस वर्षं गेली. सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा जुन्या पोरांनी सत्कार ठरवला. भाषण माझ्याकडे आलं. मी ठरवलं, आता सांगायचं. आता कोण काय वाकडं करणार? पण विचारल्याशिवाय सांगणं बरं दिसेना, म्हणून आदल्या दिवशी सकाळी सरांकडे गेलो. ते ओट्यावर बसून चष्म्याची निसटलेली काडी दोऱ्यानं बांधत होते.

"सर, उद्या मी हैदराबादचं सांगू का?"

"काय हैदराबादचं?"

"तुम्ही रेघ मुद्दाम ओलांडली होती, ते."

त्यांनी दोरा सोडला. "मुद्दाम?"

"माझ्यासाठी."

"कोणी सांगितलं तुले?"

"कोणी नाही. मले समजलं होतं तेव्हाच. म्हणून तर दर दसऱ्याले येतो."

सरांनी चष्मा ओट्यावर ठेवला. मग मान खाली घालून म्हणाले, "अरे देवा. अन् मले वाटे, पोरगं दर साली येऊन माझी चूक माफ करून राहिलं."

"चूक?"

"चूकच होती, पुरुषोत्तम. मी विसरलो होतो."

मी हसलो. "सर, तुम्ही अन् नियम विसरता?"

"भुयारनं कोपर धरलं ना. मले वाटलं, पोराचा हात गेला. मंग मी पुस्तक पाहतो का त्याचा हात पाहतो? पळालो. रेघ कुठी होती तेही पाह्यलं नाही. तिथी जाऊन विचारलं तर म्हणे, सर, खाज आली होती."

मला हसू येईना. पंचवीस वर्षं मी ज्याच्यासमोर डोकं टेकवलं ते घडलंच नव्हतं. मी विचारलं, "मंग तुम्ही भांडले काहून नाही?"

"भांडतो कशावर? तो अंपायर भला माणूस. आधीची भेट त्यानं पाह्यलीच नव्हती, बॉल शोधत होता ना तो. स्कोअररजवळ गेला, तर वहीतही नाही. त्यानंही लिहिलं नव्हतं. पंजाबवाले ओरडत होते, पण ते ओरडणारच. मंग अंपायर मलेच येऊन विचारते, 'कोच साहब, आप ही बताओ, इसी इनिंग में पहले आए थे क्या?'"

"अन् तुम्ही?"

"काय अन् मी? आलो होतो. म्हटलं, 'हाँ, आया था.'"

काकू आतून चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून गेल्या. मी कपाला हात लावला नाही.

"भुयार तिथंच होता?"

"कानाशीच होता. 'सर, नाही म्हणा, सर, नाही म्हणा,' म्हणून लागला होता बिचारा. त्याचा राग खरा होता. त्याची काही चूक नव्हती, माझ्यामुळं गेला बाहेर. त्याची मी माफी मागितली त्याच हिवाळ्यात, घरी जाऊन."

मला आता ते सगळं दिसत होतं. वहीत नोंद नाही, अंपायर सरांच्या शब्दावर थांबलेला, सामना एका रनावर, बाजूला आपला सगळ्यात चांगला पिचर विनवतोय, आणि बाकावर कोण, तर संत्री सोलणारा गुल्हाने. एक 'नाही' म्हटलं की सगळं सुरळीत चालू. सरांचं नाव राहिलं असतं, संघही राहिला असता.

"अन् मले बॉल देताना तुम्ही म्हटलं, तुझाच आहे. ते?"

"दुसरं काय म्हणणार होतो? घाबरून गेलेल्या पोराले काय सांगतात? मनात म्हणत होतो, हारलो आता." ते थोडं हसले. "तू तीन बाहेर टाकले ना, तेव्हा तर मी डोळेच मिटले. तू मॅच काढली नसती तर मी अमरावतीत राहू शकलो नसतो. ते उपकार तुझे हायेत माझ्यावर. कधी बोललो नाही, लाज वाटे."

"सर, तर मंग उद्या मी हेच सांगतो."

"हे कायले? यात काय सांगण्यासारखं हाय? त्यानं विचारलं, मी सांगितलं."

"तुम्ही त्याले नाही म्हटलं असतं ना सर, तर मी अजून गाठी उचलत असतो. माझी नोकरी, घर, पोरांची शिक्षणं, सगळं त्या एका 'हो' मधून आलं."

सरांनी यावर बराच वेळ विचार केला. ते खरोखरच आठवून पाहत होते. मग त्यांचा चेहरा पडला.

"पुरुषोत्तम, खोटं कायले बोलू. ते मले तेव्हा सुचलंच नाही. तू आदल्या दिवशी एवढं पोटतिडकीनं सांगितलं होतं, अन् त्या वेळी तुझ्या नोकरीचं माझ्या डोक्यातही आलं नाही." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "राग नको मानू बावा."

मी त्यांचे आभार मानायला आलो होतो आणि ते माझी माफी मागत होते. मला रडू आवरलं नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, सरांच्या ओट्यावर शाळेतल्या पोरासारखा रडलो, आणि सर घाबरून पुन्हा पुन्हा सांगत राहिले की खरंच, आठवलं असतं तरी मी अंपायरला दुसरं काही सांगितलं नसतं.